सूर ढळतो तेव्हा : बेल्टवर चालणाऱ्या जुन्या टर्नटेबलची दुखणी

बेल्ट-ड्राइव्ह टर्नटेबलमध्ये मोटर आणि रेकॉर्ड फिरवणारा प्लॅटर यांची थेट गाठ पडत नाही. मोटरच्या दांडीवर बोटाच्या पेराएवढी पुली असते. प्लॅटरभोवती, किंवा त्याच्या पोटाखाली दडलेल्या छोट्या आतल्या थाळ्याभोवती, एक रबरी बेल्ट फिरतो आणि तोच मोटरची चाल प्लॅटरपर्यंत पोचवतो. मोटरची थरथर मात्र रबरातच बरीचशी जिरते, सुईपर्यंत जात नाही. एवढ्या एका गुणावर ही रचना साठ वर्षांहून अधिक काळ टिकून आहे.

अमेरिकेत एडगर विल्चर यांनी १९६१मध्ये अकूस्टिक रिसर्च या कंपनीसाठी स्प्रिंगांवर तरंगणारे बेल्टचे टर्नटेबल बाजारात आणले. पुढे थोरेन्सचे टीडी १५० आणि टीडी १६०, स्कॉटलंडमधले लिन सोंडेक एलपी १२ आणि इंग्लंडमधले रेगा प्लॅनर ३ ही यंत्रे बेल्टच्याच वाटेने गेली. त्या पिढीतली यंत्रे आज चाळीस-पन्नास वर्षांची झाली आहेत आणि त्यांतली पुष्कळशी अजून चालू शकतात. त्यांचे धातूचे भाग फारसे म्हातारे होत नाहीत. म्हातारे होते ते रबर, वंगण, कपॅसिटर आणि मोटरच्या आतले ब्राँझचे बुश. बहुतेक सगळी दुखणी या चार ठिकाणांहून येतात. तरीही दुरुस्तीच्या दुकानात पहिला दोष बेल्टला जातो, बेल्ट बदलला जातो, आणि निम्म्या वेळा यंत्र होते तसेच राहते.

चालीतला दोष कानाला कधी कळतो, हे रेकॉर्डवर काय आहे यावर ठरते. ढोल-ताशाच्या ध्वनिमुद्रणात प्लॅटर किंचित डुलला तरी कुणाला पत्ता लागत नाही. विलंबित ख्यालाच्या रेकॉर्डमध्ये मात्र मागे तानपुरा सतत चालू असतो. एकच षड्ज वीस मिनिटे धरलेला असल्यामुळे तो जरासा हलला तरी लगेच उघडा पडतो. म्हणूनच हिंदुस्थानी संगीताचे श्रोते या बाबतीत सगळ्यांत कडक परीक्षक ठरतात. इथे दोन दोषांची गल्लत करू नये. प्लॅटर संथ पण एकसारखा फिरत असेल, तर सगळे स्वर एकाच प्रमाणात खाली येतात आणि राग शाबूत राहतो. चालीत १ टक्का फरक पडला की स्वर सुमारे १७ सेंटने सरकतो (एका अर्धस्वराचे १०० सेंट). ८१:८० या गुणोत्तराची प्रमाणश्रुती २१.५ सेंटची असते, म्हणजे हा फरक तिच्याहूनही थोडा कमी. गायकाची पट्टी नेमकी ठाऊक नसेल तर एवढे खपून जाते. चाल वरखाली झुलत असेल, तर मात्र त्याच्या निम्म्यानेही तानपुरा रडवेला होतो. त्यामुळे पहिला प्रश्न ‘यंत्र हळू चालते का’ हा नसून ‘यंत्र एकसारखे चालते का’ हा आहे.

मोजायला महागडे साधन लागत नाही. एलपी मिनिटाला ३३⅓ फेऱ्या घेते, म्हणजे १०० फेऱ्यांना बरोबर १८० सेकंद. प्लॅटरच्या काठावर कागदाचा बारीक तुकडा चिकटवायचा, सुई रेकॉर्डवर ठेवायची आणि घड्याळ लावून १०० फेऱ्या मोजायच्या. सुई ठेवूनच मोजायचे, कारण खाचेतून जाणाऱ्या सुईचा ओढा हाही मोटरवरचा भार असतो. रिकामा प्लॅटर बरोबर आणि रेकॉर्ड लावली की हळू, असे दिसले तर कुठेतरी पकड सुटते आहे.

दुसरे साधन म्हणजे स्ट्रोबोस्कोपची कागदी चकती. भारतातल्या ५० हर्ट्झच्या विजेवर दिवा सेकंदाला १०० वेळा उजळतो, म्हणून ३३⅓ साठी चकतीवर १८० रेघा असतात. चाल बरोबर असेल तर रेघा जागच्या जागी थबकलेल्या दिसतात. मागे सरकल्या तर प्लॅटर हळू आहे आणि पुढे धावल्या तर जलद. अमेरिकी चकतीवर याच चालीसाठी २१६ रेघा असतात, ती इथे कामाची नाही. घरातला एलईडी दिवाही बहुधा उपयोगी पडत नाही, कारण तो पुरेसा लुकलुकत नाही. जुनी चोकवाली ट्यूबलाइट किंवा छोटा निऑन दिवा चांगला. मोबाइल प्लॅटरवर ठेवून चाल मोजणारी ॲपही आहेत, पण मोबाइलचे वजन एका कडेला पडते, तेव्हा तो आकडा अंदाजापुरताच धरावा.

चाल झुलते आहे हे नक्की झाले, की त्या झुलण्याचा ताल ओळखायचा. या दुरुस्तीतला सगळ्यांत उपयोगी भाग हाच, आणि बहुतेक लोक तो गाळतात. यंत्रातला प्रत्येक फिरता भाग आपापल्या वेळेत एक फेरी घेतो. दोष ज्या भागात असेल, त्या भागाच्या फेरीइतक्या वेळाने तो पुन्हा ऐकू येतो. प्लॅटरची एक फेरी १.८ सेकंदांची. मोटर मिनिटाला २५० फेऱ्यांची असेल तर तिची एक फेरी ०.२४ सेकंदाची, ३७५ फेऱ्यांची असेल तर ०.१६ सेकंदाची. बेल्टचा काळ या दोहोंहून वेगळा असतो. समजा, आतल्या थाळ्याचा परीघ ५० सेंटिमीटर आणि बेल्टची लांबी ६० सेंटिमीटर आहे. अशा बेल्टला एक फेरा पुरा करायला २.१६ सेकंद लागतील. स्वर दर २.१६ सेकंदांनी कलत असेल तर बेल्टवर कुठेतरी गाठ, जाड भाग किंवा घडी आहे. दर १.८ सेकंदांनी कलत असेल तर बेल्ट निर्दोष आहे आणि प्लॅटर किंवा खुद्द रेकॉर्ड दोषी आहे. स्वर कापत असेल, एखाद्या थकलेल्या आवाजासारखा थरथरत असेल, तर पुली किंवा मोटरकडे पाहावे.

या १.८ सेकंदांच्या झुलण्यात रेकॉर्डचा दोष फार मोठा असतो. रेकॉर्डचे मधले भोक १ मिलिमीटरने जरी बाजूला पडले असले, तरी मध्यापासून १० सेंटिमीटरवरच्या खाचेत स्वर १ टक्का वर आणि १ टक्का खाली जातो. आतल्या खाचांकडे जाताना तो फरक आणखी वाढतो. हे डोळ्यांनाही दिसते. रेकॉर्ड चालू असताना टोनआर्मकडे वरून पाहावे. दर फेरीला तो डावीउजवीकडे डोलत असेल तर भोक सरकलेले आहे, आणि वरखाली होत असेल तर रेकॉर्ड वाकलेली आहे. तीन-चार वेगवेगळ्या रेकॉर्ड लावून पाहिल्याशिवाय यंत्राला हात लावू नये.

यानंतर बेल्ट. प्लॅटर उचलून बाजूला ठेवला की बेल्ट हातात येतो. तो घेऊन खिडकीपाशी जावे. चांगला बेल्ट मऊ आणि धूसर काळा असतो. बोटांवर उलटा दुमडला तरी त्याच्या पाठीवर भेगा उमटत नाहीत आणि टेबलावर सोडला की तो सैलसर गोल होऊन पडतो. म्हातारा बेल्ट चकाकतो. कित्येक वर्षे न चाललेल्या यंत्रातला बेल्ट पुलीपाशी ज्या आकारात वाकला होता, तो आकार टेबलावरही सोडत नाही. तिथली घडी दर फेऱ्याला एकदा पुलीवरून जाते आणि एकदा स्वर कलतो. काही बेल्ट तर याच्याही पुढे गेलेले असतात. रबर विरघळून डांबरासारखे होते आणि बोटाला, पुलीला, थाळ्याला चिकटते. ते नखाने खरवडू नये. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या सुती कापडाने हळूहळू पुसावे, आणि पुलीच्या कडेला बसलेला काळा थर कानकोरणीला कापूस गुंडाळून काढावा. तो थर केसाएवढा असला तरी पुलीचा व्यास बदलतो.

व्यासाचा हा हिशेब नवा बेल्ट घेतानाही लक्षात ठेवावा. समजा पुलीचा व्यास ११ मिलिमीटर आहे आणि नवा बेल्ट मूळच्या बेल्टपेक्षा ०.१ मिलिमीटर जाड आहे. एवढ्यानेच प्लॅटर सुमारे ०.९ टक्के जलद फिरू लागतो. ‘सगळ्या टर्नटेबलना चालतो’ म्हणून विकला जाणारा बेल्ट बसतो खरा, पण सूर चढतो तो यामुळे. यंत्राच्या मॉडेलचे नाव सांगून लांबी, रुंदी आणि जाडी तिन्ही जुळणाराच बेल्ट घ्यावा. जुन्या बेल्टची लांबी मोजायची तर तो न ताणता सपाट मांडून मोजावी, आणि जुना बेल्ट लांबलेला असणार हे गृहीत धरून चार-पाच टक्के कमी धरावी. फार आखूड बेल्टही नको. तो घसरत नाही हे खरे, पण मोटरची दांडी सतत एका बाजूला ओढून धरतो, तिचे बुश झिजवतो आणि जी थरथर जिरवायची तीच प्लॅटरला पोचवतो. बेल्ट कोरडा आणि तेलमुक्त असावा. बोटांचे तेलही त्याला पुरते, म्हणून बसवल्यावर एकदा पुसून घ्यावा. टाल्कम पावडर लावण्याची प्रथा आहे, पण कंपनीने सांगितले असेल तरच ती पाळावी.

बेल्ट वर चढत असेल किंवा पुलीवरून उतरत असेल, तर दोष बेल्टचा नसतो. पुली मध्यभागी किंचित फुगीर घडवलेली असते आणि बेल्ट आपोआप त्या फुगवट्यावर येऊन बसतो. मोटरखालचे रबर बसके झाले की मोटर कलते, पुली तिरकी होते आणि बेल्ट वाट सोडतो. स्प्रिंगवाल्या यंत्रात आतली चौकट एका बाजूने खचली तरी हेच होते. तिथे स्प्रिंगचे नट फिरवून चौकट समतल करायची असते, आणि ती हलके दाबून सोडली असता सरळ वरखाली डुलली पाहिजे, आडवी नाही.

बेल्ट काढलेला असतानाच मधले बेअरिंग तपासून घ्यावे. थाळा हाताने हलकेच फिरवावा. तो आवाज न करता, हळूहळू मंदावत थांबला पाहिजे. मध्येच अडकला, खरखरला किंवा चटकन थांबला तर बेअरिंग कोरडे आहे. बहुतेक यंत्रांत थाळ्याची दांडी सरळ वर उचलली की बाहेर येते. कोकणात आणि मुंबईत दमट हवेमुळे कोरड्या दांडीवर तपकिरी डागही आढळतात. जुने तेल मधासारखे घट्ट झालेले असते. दांडी आणि ती ज्यात फिरते ती विहीर दोन्ही अल्कोहोलने पुसून कोरडी करावीत. तळाशी सुटी स्टीलची गोळी असेल तर ती हरवू देऊ नये. मग यंत्राच्या पुस्तिकेत सांगितलेले तेल थोडे घालून दांडी विहिरीच्या तोंडाशी धरून सोडावी. ती धपकन पडत नाही. खालची हवा कडेने निसटेल तसतशी सावकाश, आपल्याच वजनाने खाली उतरत जाते, कधी कधी कित्येक मिनिटे. ती अशी उतरली म्हणजे दांडी आणि बुश यांची जोडी अजून घट्ट आहे. सर्रकन बसली आणि कडेने डगडगली, तर बुश झिजला आहे आणि ते काम खरादीवरच्या कारागिराचे आहे. गंज सोडवणारा स्प्रे इथे मारू नये. तो वंगण नव्हे, होते तेही वंगण तो धुऊन नेतो.

आता मोटर. जुन्या यंत्रांत दोन जातींच्या मोटर सापडतात आणि दोघींची दुखणी एकमेकींशी जुळत नाहीत, म्हणून आधी जात ओळखावी. घरच्या विजेवर थेट चालणारी सिंक्रोनस एसी मोटर विजेच्या हर्ट्झशी बांधलेली असते. व्होल्टेज थोडे उतरले तरी तिची चाल बदलत नाही. ही मोटर एक तर बरोबर चालते, नाहीतर अडखळून थांबते. ती संथ चालू शकत नाही. त्यामुळे अशा यंत्रात प्लॅटर सतत संथ असेल तर मोटरला दोष देण्यात अर्थ नाही. बेल्ट घसरतो आहे, बेअरिंग जड झाले आहे किंवा पुली चुकीची आहे. काही थोरेन्स यंत्रांच्या पुलीत छोटा क्लच असतो, तोही तेलकट झाला की घसरतो. एवढे एक तत्त्व लक्षात ठेवले तर निष्कारण मोटर बदलण्याचा खर्च वाचतो.

अशा मोटरची चाल बदललीच, तर ती विजेचे हर्ट्झ बदलल्यामुळे. राष्ट्रीय ग्रिडसाठी आज ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झ हा पट्टा ठरलेला आहे, म्हणजे ग्रिड त्या पट्ट्यात असताना विजेमुळे पडणारा फरक ०.२ टक्क्याच्या आतच राहतो. नव्वदच्या दशकात ग्रिड ४८ हर्ट्झपर्यंत उतरत असे. त्या वेळी सिंक्रोनस मोटरवरची रेकॉर्ड ४ टक्के संथ वाजायची आणि त्यावर घरात कसलाच उपाय नव्हता. आज हा प्रश्न उरला आहे तो इन्व्हर्टरपुरता. स्वस्त इन्व्हर्टरची चौकोनी लाट मोटरला मानवत नाही, ती गुरगुरते आणि तापते. दिवे गेल्यावर टर्नटेबल बंद ठेवावे.

अमेरिकेतून आलेल्या यंत्रांत या हर्ट्झचाच घोटाळा असतो, आणि मराठी घरांत अशी यंत्रे थोडी नाहीत. परतताना सामानातून टर्नटेबल आणले जाते, इथे ते ११० व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरवर लावले जाते आणि गाणे खर्जात जाते. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज उतरवतो, हर्ट्झ बदलत नाही. ६० हर्ट्झची पुली ५० हर्ट्झवर चालली की प्लॅटर मिनिटाला २७.८ फेऱ्याच घेतो आणि १०० फेऱ्यांना १८०ऐवजी २१६ सेकंद लागतात. स्वर तीन अर्धस्वरांहून थोडा जास्त उतरतो. काळी चारमध्ये गाणारी गायिका पांढरी चारच्याही खालून गाऊ लागते. घड्याळात २१६ दिसले तर आणखी काही तपासायची गरज नाही. त्या मॉडेलची ५० हर्ट्झची पुली मागवावी, नाहीतर हर्ट्झ बदलून देणारा इलेक्ट्रॉनिक वीजपुरवठा घ्यावा. इथले यंत्र तिकडे नेले तर उलटा प्रकार होतो, प्लॅटर ४० फेऱ्या घेतो आणि १०० फेऱ्या १५० सेकंदांत संपतात.

सिंक्रोनस मोटर सुरूच होत नसेल, नुसती गुणगुणत असेल, बोटाने ढकलल्यावर फिरत असेल किंवा कधी कधी उलटी फिरत असेल, तर कपॅसिटर पाहावा. मोटरमध्ये दोन गुंडाळ्या असतात. कपॅसिटर एका गुंडाळीची वीज दुसरीच्या मागेपुढे करतो आणि त्यातूनच मोटरला फिरण्याची दिशा मिळते. कपॅसिटर अशक्त झाला की दिशा अनिश्चित होते आणि थरथर वाढते. बदली कपॅसिटर त्याच मूल्याचा, पॉलिप्रॉपिलीन फिल्मचा आणि एसी व्होल्टेजसाठी बनवलेला हवा. मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात बुधवार पेठेत असा कपॅसिटर मिळतो. यंत्र बंद करताना स्पीकरमधून ‘फट’ असा आवाज येत असेल, तर स्विचला जोडलेला ठिणगी शमवणारा कपॅसिटर गेला आहे. जुन्या कागदी कपॅसिटरला भेगा पडून धूर येण्याचे प्रकार होतात. तोही त्याच वेळी बदलावा, तिथे विजेच्या मेनसाठी प्रमाणित एक्स-२ वर्गाचा लागतो. इथे एक गोष्ट आग्रहाने सांगायला हवी. या यंत्रांच्या पोटात २३० व्होल्ट उघड्या टोकांवर असतात. स्विच बंद करणे पुरेसे नाही, प्लग भिंतीतून काढूनच तळाची फळी उघडावी. सोल्डरिंगचा हात नसेल तर हे काम जाणत्या मेकॅनिककडे द्यावे.

मोटर फिरते पण कुरकुरते किंवा तापल्यावर अडखळून थांबते, तेव्हा तिचे बुश कोरडे झालेले असतात. हे बुश सच्छिद्र ब्राँझचे असतात आणि तेल पोटात धरून ठेवतात. चाळीस वर्षांत ते तेल संपते किंवा त्याचा राळेसारखा चिकटा होतो. पुली काढून दांडीच्या मुळाशी पातळ खनिज तेलाचा एक थेंब सोडावा आणि मोटर हाताने फिरवून तो मुरू द्यावा. चांगल्या प्रतीचे शिलाई मशीनचे तेल बऱ्याच मोटरना चालते. एका थेंबाच्या जागी चार घातले तर ते पुलीवर चढते, तिथून बेल्टवर जाते, आणि तेलकट बेल्टची दुरुस्ती पुन्हा पहिल्यापासून करावी लागते.

ऐंशीच्या दशकातल्या पुष्कळ जपानी यंत्रांत मात्र डीसी मोटर असते. तिची चाल मोटरच्या डब्यातले किंवा बाहेरच्या प्लेटवरचे छोटे सर्किट सांभाळते. ही मोटर संथही चालते, जलदही चालते आणि तापल्यावर चाल बदलतेही. सुरुवातीला बरोबर आणि अर्ध्या तासाने चढलेली, अशी चाल दिसली तर दोष सर्किटमध्ये असावा. डब्याच्या तळाशी रबरी बुचाखाली किंवा नावाच्या पट्टीखाली दोन भोके असतात. त्यांतल्या चाल जुळवणाऱ्या ट्रिमरपैकी एक ३३चा, दुसरा ४५चा. यंत्र वीस मिनिटे चालवून, सुई रेकॉर्डवर ठेवून, स्ट्रोबच्या चकतीकडे पाहत, प्लास्टिकच्या बारीक पेचकसाने ते केसभर फिरवायचे. जुना ट्रिमर आत मळलेला असतो, म्हणून आधी थोडा कॉन्टॅक्ट क्लीनर देऊन तो पुढेमागे फिरवून घ्यावा. त्याआधी मूळ जागेवर पेन्सिलने खूण करून ठेवावी. चाल अधूनमधून उगाच झोके घेत असेल तर मोटरचे ब्रश झिजले आहेत किंवा सर्किटमधले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर सुकले आहेत. कपॅसिटर स्वस्तात बदलतात. ब्रश झिजले असतील तर मोटरच बदलणे शहाणपणाचे, कारण तो डबा उघडून परत तसाच बसवणे फार थोड्यांना जमते.

बाहेरच्या ॲडॅप्टरवर चालणाऱ्या यंत्रात आणखी एक साधी चूक होते. ॲडॅप्टर हरवतो, त्याच्या जागी पिन बसेल तो दुसरा लावला जातो. काही टर्नटेबलना १६ व्होल्टचा एसी ॲडॅप्टर लागतो आणि बाजारातले बहुतेक ॲडॅप्टर डीसी असतात. मोटर ढिम्म हलत नाही आणि ती जळाली असा समज होतो. ॲडॅप्टरवरचा मजकूर यंत्राच्या मागच्या मजकुराशी शब्दशः जुळवून पाहावा.

शेवटी गुणगुण. स्पीकरमधल्या गुणगुणीचा आळ मोटरवर येतो, पण तपास सोपा आहे. सुई उचलूनही गुणगुण चालूच असेल तर ती विजेची आहे, अर्थची तार किंवा केबल पाहावी. सुई टेकल्यावरच येत असेल तर बेल्ट काढावा, थांबलेल्या रेकॉर्डवर सुई अलगद ठेवावी, मोटर चालू करावी आणि आवाज हळूहळू वाढवावा. आता जे ऐकू येते ती मोटरची थरथर, बैठकीतून सुईपर्यंत आलेली. मोटरखालचे रबर कडक झाले असेल किंवा स्क्रू फार आवळले असतील तर ती वाढते. रबर बदलावे, स्क्रू थोडे सैल करावेत. मोटर त्या रबरांवर तोललेली राहिली पाहिजे, पाटीला जखडलेली नाही.

सगळे जोडून झाले की यंत्र अर्धा तास चालू ठेवावे, मग सुई ठेवून पुन्हा १०० फेऱ्या मोजाव्यात. नव्या बेल्टला बसायला काही तास लागतात, म्हणून आठवड्याने आणखी एकदा मोजावे. बेल्ट कधी बदलला, तेल कधी आणि कुठले घातले, कपॅसिटरचे मूल्य काय आणि १०० फेऱ्यांना किती सेकंद लागले, हे एका चिठ्ठीवर लिहून ती यंत्राच्या तळाला आतून चिकटवावी. आणि काढलेली जुनी पुली फेकू नये, एका पाकिटात घालून तिथेच ठेवावी.